मी सांगितलेला बाप

आधी त्या माणसाचं सांगते, मग काय झालं ते. सिल्व्हर पार्क नावाच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. मी त्यांच्याकडे सकाळचा स्वयंपाक करते. चाळीसेक वर्षं ते एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहायचे. आता लिहीत नाहीत. ते सदर बंद झालं ते माझ्यामुळं, आणि ते त्यांनी घालवलं माझ्या वडलांसाठी, ज्यांना त्यांनी कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

मी नववीतून शाळा सोडलेली बाई. गाव मराठवाड्यात. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आले तेव्हा इथली हवा खारट लागायची, आता लागत नाही. आठ वर्षं झाली. काकांकडे लागले त्याला पाच. पहिल्या दिवशी त्यांनी आमटी चाखून विचारलं, "मीठ विसरलीस का माझी जीभ गेली?" मी घाबरून पुन्हा मीठ घातलं, तर म्हणाले, "गंमत करत होतो गं. आता मात्र खरंच खारट झाली." आणि तशीच जेवले.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. मधलं गेलं, कडेचं राहिलं. माझ्याकडं बघायचं असलं की ते खिडकीकडं तोंड करतात, म्हणजे मी त्यांना कडेला दिसते. नवीन माणसाला वाटतं म्हातारा शिष्ट आहे. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. सिनेमा तर सगळा मधोमधच असतो.

तेव्हापासून आमची एक पद्धत बसली. शुक्रवारी सकाळी पहिल्या खेळाला आम्ही रिक्षानं मॉलमध्ये जायचो. शेवटची रांग, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या. काकांना ऐकू सगळं यायचं, दिसायचं ते मी कानात सांगायची. पहिल्या सिनेमाला मी नुसतं सांगत होते, "आता हा रडतोय, आता ती हसतेय." मध्यंतरात काका वैतागले. "रडतोय ते मला ऐकू येतं. रडताना हातानं काय करतोय ते सांग." मग मी बघायला शिकले. घरी आल्यावर ते बोलायचे आणि मी मोबाईलवर टाईप करायची. संध्याकाळपर्यंत मजकूर पेपरला जायचा. रविवारी त्यांच्या नावानं छापून आला की मी तो माझ्याच हाताचा असल्यासारखा दोनदा वाचायची.

पेपरमध्ये यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. काका म्हणायचे, "कळलं तर संपलं. न दिसणाऱ्याचं परीक्षण कोण छापणार?"

अशात त्या सिनेमाची जाहिरात स्टेशनबाहेर लागली. धुळीत पालथी पडलेली एक मुलगी, हात मधल्या रेषेकडं लांब केलेला. वर लिहिलेलं, सत्य घटनेवर आधारित. खेड्यातल्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ, एक प्रशिक्षक, आणि राज्याची ढाल. भाजीची पिशवी हातात तशीच धरून मी बघत राहिले. ती शाळा माझी होती. संघ माझा होता. आणि अंतिम सामन्याच्या आधी जी मुलगी निघून गेली, ती मी.

ही गोष्ट सिनेमावाल्यांपर्यंत कशी गेली ते सांगायला लागेल. दोन वर्षांपूर्वी मला एका मुलीचा फोन आला होता. गोड आवाज, अर्धं हिंदी अर्धं मराठी. मला मॅम म्हणाली. मला आजवर कुणी मॅम म्हटलेलं नव्हतं. संघातल्या सगळ्या मुलींशी आम्ही बोलतोय, म्हणाली. मग तिनं विचारलं, "मॅम, आप फायनल के पहले क्यूं चली गयीं? शाळा पण सोडली ना तुम्ही?"

खरं उत्तर असं होतं. आमच्या गटाला वजनाची अट असते. मी थोडी जास्त भरायची. आमच्या सरांनी मला चार दिवस जेवू दिलं नाही. दोन स्वेटर घालून उन्हात पळवलं. शेवटच्या दिवशी पाणी बंद. तोंडात चिंच धरायची, थुंकत राहायचं, तेवढंच वजन कमी. सकाळी काट्यावर मी बसले अटीत. दुपारच्या सामन्यात चढाईला गेले आणि तिथंच पडले. आबा, म्हणजे माझे वडील, भाकरी घेऊन आले होते. त्यांनी मला मैदानातून उचललं. सर म्हणाले, "ग्लुकोज देतो, उद्या सेमीफायनल आहे." आबा म्हणाले, "मला पोरगी पाह्यजे सर, ढाल नको." आणि खांद्यावर घेऊन चालायला लागले. माझ्याशिवाय संघ जिंकला. नंतर शाळेत मुली म्हणायच्या, बघा आली पळपुटी. मीच जायचं सोडलं. आबा रोज सकाळी दप्तर दारात आणून ठेवायचे. मी हात लावायची नाही.

हे त्या फोनवरच्या मुलीला कसं सांगू? सरांचं नाव वाईट घेणं आमच्याकडं होत नाही. त्यांनीच मला पहिले बूट दिले होते. त्यांच्या ओळखीवर गावातल्या किती पोरी पोलीस भरतीत गेल्या. आणि गावात कुठलंही लग्न, कुठलाही सत्कार सरांशिवाय होत नाही. दोष कुठंतरी टाकायचा तर आपल्या माणसावर टाकावा, असंच आम्ही लहानपणापासून बघितलेलं. बाईला उशीर झाला तर ती म्हणते सासू आजारी होती. पोराची फी राहिली तर म्हणतात बाप गावाला गेलाय. आपलं माणूस थोडंच कोर्टात जातं? तर मी म्हणाले, "ते... वडील थोडं घ्यायचे. त्या दिवशी घेऊन आले होते. ओढत नेलं मला."

ती म्हणाली, "ओह, मॅम, सो सॉरी." मला बरं वाटलं. इतकं प्रेमानं कुणी सॉरी म्हटलं नव्हतं.

आबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. गावात ते पाण्याच्या टाकीवर आहेत, वस्त्यांना पाणी सोडायचं काम. आणि आमच्या विहारात पंचशील तेच सांगतात. ते पुढं म्हणणार, बाकीचे मागं म्हणणार. पाचवं शील दारूचं. मी लहान असताना त्यांच्या मांडीला मांडी लावून ते म्हणायची.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी मी काकांना म्हटलं, "आज नको, डोकं दुखतंय." काका म्हणाले, "तुझं डोकं दुखलं तर माझे डोळे दुखतात. चल गं, दोन तासांचा तर प्रश्न आहे." मी गेले. नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

थेटर भरलेलं होतं. इंटरव्हलच्या आधी तो आला, माझा बाप. गुंड्या उघड्या, डोळे लाल, हातात बाटली. मैदानात शिरला. सर हात जोडून समोर उभे. त्यानं पोरीच्या वेणीला धरलं आणि धुळीतून ओढत नेलं. मागं बासऱ्या वाजत होत्या. आजूबाजूला हुंदके. समोरच्या रांगेतला एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "साला, हरामी."

"काय चाललंय?" काकांनी विचारलं. "बोल ना. थांबलीस का?"

मी म्हणाले, "बाप प्यायलाय. वेणीला धरून ओढतोय तिला."

"हातात काय आहे?"

"बाटली."

माझा आवाज कापत होता. काकांनी माझ्या हातावर थोपटलं. त्यांना वाटलं, मी सगळ्यांसारखी सिनेमानं रडतेय.

घरी येऊन त्यांनी परीक्षण सांगितलं, मी टाईप केलं. सिनेमा गोड आहे, जरा जास्तच गोड आहे, पण रुमाल घेऊन जा, असं काहीतरी. साडेतीन तारे. मग म्हणाले, "लिही. या सिनेमातला सर्वांत खरा माणूस म्हणजे तो दारुडा बाप. असे बाप आपल्या गावागावांत आहेत, आणि त्यांच्यामुळं किती मुली मधल्या रेषेपर्यंत पोचत नाहीत." माझं बोट थांबलं. काका म्हणाले, "झालं लिहून?" मी म्हणाले, "झालं." आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडं तेच. काकांची सवय होती, इतरांनी काय लिहिलंय ते माझ्याकडून वाचून घ्यायची. कुणी लिहिलं, वर्षातला सर्वांत स्वच्छ सिनेमा. कुणी लिहिलं, प्रशिक्षकाला देव केलाय. एका मोबाईलवरच्या मुलानं दहा मिनिटं रडून दाखवलं. आमच्या चाळीतली शेजारीण म्हणाली, "भाभी, पिच्चर देखी? उस बाप को तो चप्पल से मारना चाहिए." मी म्हणाले, "हां, बराबर." फक्त एकानं, कुठल्याशा इंग्रजी पेपरात, सिनेमाची खिल्ली उडवली होती. मी अडखळत वाचलं, काकांनी मला त्याचा अर्थ सांगितला. हा बाप माणूस वाटत नाही, तो प्रेक्षकांना रडवायला आणलेला सोंगाड्या आहे, असं तो म्हणत होता. काका म्हणाले, "शहरातला पोरगा, त्याला काय कळणार." मी मात्र त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. एवढ्या लोकांत तोच एक आबांच्या बाजूनं बोलला होता, आणि त्याला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

आठव्या दिवशी गावाहून वहिनीचा फोन आला. चुलतभावाची बायको, आबांच्या शेजारी राहते. तिनं हळू आवाजात सुरुवात केली.

"अगं माय, शाळेच्या मैदानावर पडदा लावला व्हता परवा. सरांचा सत्कार. आबाला बी बोलावलं. पांढरे कपडे इस्त्री करून गेले गं, म्हणत व्हते, माझ्या पोरीचा शिनिमा हाय. पुढल्या खुर्चीत बसवलं त्यायला."

मी गॅस बंद केला.

"त्यो भाग आला तवा सगळे मागून बघाय लागले. आबा उठले अन् चालत गेले. आता पोट्टे रस्त्यानं वरडतात, 'आबा, उतरली का?' काल पौर्णिमा व्हती, इहारात आलेच न्हाईत. दुसऱ्यानं शील सांगितलं. पाचव्या शीलाला बाया एकमेकीकडं बघत व्हत्या."

"आबा कुठंयत आता?"

"टाकीवर. काल सांजच्यापासून खाली न्हाईत उतरले. डबा खाली ठेवला, तसाच हाय." थोडं थांबून ती म्हणाली, "ते फक्त एवढंच म्हणले, हे माझ्या लेकीनंच सांगितलं असंल."

मी आबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या टाकीची शिडी लोखंडी आहे, गंजलेली. वर कठडा नाही. लहानपणी मला ते शिडीला हात लावू द्यायचे नाहीत. मी काकांकडे चपात्या लाटत होते आणि डोळ्यांपुढं ती शिडी. हातातलं लाटणं दोनदा खाली पडलं.

काका स्वयंपाकघराच्या दारात आले. "आज काय भांडी आपटतेयस?"

तेव्हा मी सांगितलं. फोन, सर, वजन, चिंच, आबा, शील, सगळं. ओट्याला टेकून सांगितलं, त्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती. ते खिडकीकडं तोंड करून ऐकत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते.

मग म्हणाले, "म्हातारपणानं मला अर्धा आंधळा केला होता. उरलेला तू केलास."

मी रडायला लागले.

"रडू नकोस, ते मला ऐकू येतं." आवाजात राग होता, तो त्यांनी लपवला नाही. "मी चाळीस वर्षं वाईट सिनेमाला वाईट म्हटलं. त्या दिवशी तुझ्या शेजारी बसून एका माणसाला दारुडा म्हटलं. आणि तू टाईप केलंस! एक शब्द बोलली असतीस."

"चूक झाली, काका."

"चूक झालीच. तो मोबाईल आण."

"कशाला?"

"लिहायला."

मला वाटलं ते नुसतं लिहितील की परीक्षणात मी चुकलो. पण त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: मला तीन वर्षं पडदा दिसत नाही. माझं बोट तिथंच राहिलं. म्हटलं, "काका, हे नका ना लिहू. सदर जाईल."

"मग कुणाच्या डोळ्यांनी पाहिलं ते कसं सांगू? तुझं नाव नाही घालणार, गावाचं नाही घालणार. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या डोळ्यांनी घाबरून खोटं सांगितलं, हे सांगितल्याशिवाय बाकीचं कुणाला पटेल?"

पुढं त्यांनी तो बाप लिहिला. भाकरी घेऊन आलेला, खांद्यावर पोरगी घेऊन गेलेला, रोज सकाळी दप्तर दारात ठेवणारा. पाचवं शील दुसऱ्यांना सांगणारा. वजनाचंही लिहायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. "सरांचं नको. गावात आबा एकटेच राहतात."

"अजून सरच?"

"त्यांनी मला बूट दिले होते."

काका हसले, पण ते बरं हसू नव्हतं. "बूट देऊन पाणी बंद केलं. लिही." मी लिहिलं. खरं बोलताना इतकी भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. खोटं बोलताना एवढी कधी वाटली नव्हती.

पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. काकांनी स्पीकर लावला. त्यांना बटण दिसत नाही, सगळे फोन स्पीकरवरच असतात.

"सर, हे काय आहे? तुम्हाला दिसत नाही? कधीपासून?"

"त्यात लिहिलंय."

"म्हणजे तीन वर्षं आम्ही... सर, हे छापलं तर आम्हालाच लोक विचारतील."

"नाही छापलंत तर मी दुसरीकडं देईन. तिथं तुमचं नाव येईल. बघा."

छापलं. अर्ध्याहून कमी, आतल्या पानावर, खाली. वजनाचा भाग एका वाक्यात उरला होता. पण आबांचा भाग होता. मी फोटो काढून वहिनीला पाठवला. पुढच्या रविवारी काकांच्या जागी दुसऱ्याच कुणाचा फोटो आणि दुसऱ्याच सिनेमाचे तारे होते. कुणी फोन करून कळवलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पुरुषाचा आवाज, अगदी सभ्य. "ताई, कशा आहात? मुलगी कितवीला आहे आता? भाईंदरलाच ना शाळा?" मग म्हणाला, "सरांनी तुमचं वाईट कधी केलं का? नाही ना. मग नीट राहा." आणि ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस मी लेकीला शाळेत सोडायला स्वतः गेले, घ्यायलाही स्वतः गेले. मागं स्कूटर थांबली की लेकीचा हात घट्ट धरायची. नवरा म्हणाला, "तुला कुणी काही करत नाही." म्हणाला खरं, पण त्यानंही दाराला नवीन कडी लावली. काकांना मी हे सांगितलं नाही, मग एका सकाळी सांगितलं. आता त्यांच्यापासून काही ठेवायचं नाही असं ठरवलंय. ते म्हणाले, "नंबर जपून ठेव. आणि घाबरलीस तर घाबरले असं म्हण, भाजीत दुप्पट तिखट नको टाकूस."

आबांचं सांगायचं राहिलं. वहिनीनं पेपरचा तो फोटो छापून आणून विहारात वाचला. आबा तेव्हा तिथं नव्हते, टाकीवरच होते; रात्री तेवढे डबा घ्यायला उतरायचे. दोन माणसं टाकीखाली जाऊन उभी राहिली, वर हाका मारल्या. आबांनी वरून विचारलं म्हणे, "कुणी लिव्हलं हे?" खालून सांगितलं, मुंबईचा कुणी म्हातारा हाय, त्याला दिसत न्हाई. मग ते उतरले. पुढच्या पौर्णिमेला विहारात आले, पण पुढं बसले नाहीत. शेवटच्या सतरंजीवर, दारापाशी. पंचशील दुसऱ्यानंच सांगितलं. आबांनी मागून म्हटलं. पाचव्याला त्यांचा आवाज इतरांपेक्षा मोठा आला, असं वहिनी म्हणते. पण वहिनी मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल.

पोरं अजून ओरडतात. काही थांबली, काही नाही. कागद किती लोकांनी वाचला आणि सिनेमा किती लोकांनी पाहिला, त्याचा काय मेळ? आणि आता तो सिनेमा मोबाईलवर येणार आहे. म्हणजे आता प्रत्येक घरात, प्रत्येक पोराच्या हातात. त्या दिवसाची मी वाट बघत नाही, पण तो येतोय.

आबा माझा फोन उचलतात. जेवलीस का विचारतात, लेकीचं विचारतात. सिनेमाचा शब्द काढत नाहीत. मीही काढत नाही. मला माहीत आहे की हे फोनवर व्हायचं नाही. मला गावी जाऊन विहारात सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायला लागेल की हे मी सांगितलं होतं. सर तिथं असतील. तो सभ्य आवाजाचा माणूसही असेल. लेकीची परीक्षा झाली की जाईन म्हणते. परीक्षा होऊन महिना झाला.

काकांना मी परवा विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? म्हणाले, "आमटी खारट करू नकोस, झालं." मग खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "तुझ्या बापाचा चेहरा कसा आहे गं? मी लिहिलं, पण मला माहीत नाही."

मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. सिनेमातलाच माणूस पुढं यायला लागला.

काका, मी जाईन. भीत भीत जाईन, पण जाईन. आबांच्यासमोर उभी राहून कबूल करीन आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे येईल ते नीट बघीन, राग असला तरी. मग परत येऊन तुमच्या शेजारी बसेन आणि ते सगळं तुम्हाला सांगेन, हात काय करत होते तेसुद्धा, काही न गाळता. माझ्याकडं फेडायला दुसरं काही नाही. तेवढं मी फेडीन.